केशव कुठवर आला?

आजवर मी सात माणसे पृथ्वीबाहेर धाडली आहेत. दोघे चंद्रावर, एक शुक्रावर आणि चौघे अजून नाव न सुचलेल्या एका ग्रहावर. माझ्या अद्भुत कथा मासिकांतून वाचणाऱ्या सज्जनांची अशी समजूत असते की, हा गृहस्थ स्वतःही मोठा धाडसी असणार. म्हणून आधीच सांगून टाकतो : मला कात्रजचा घाट बाधतो. मोटार चढणीला लागली की माझी मान खिडकीबाहेर जाते आणि ती शिवापूरपर्यंत आत येत नाही.

लिहिण्याची पद्धतही अशीच शूर. मागच्या खोलीत खिडकी लावून, पाय घंगाळातल्या पाण्यात सोडून मी लिहायला बसतो. शेजारी इंग्रजी ज्ञानकोशाचा एकुलता एक खंड, जुन्या बाजारात घेतलेला. त्यात शनी येत नाही, त्यामुळे माझ्या कथांत शनीवर कोणी जात नाही. मधून बायको दार ढकलते. "आटोपलं का?" "आत्ताच चंद्रावर उतरतोय." "उतरलात की कोथिंबीर निवडून द्या."

असा हा माणूस माघ महिन्यात घर सोडून वेल्ह्याच्या डोंगरात का गेला, ते सांगायला सतरा वर्षे मागे जावे लागेल.

मी चौदा वर्षांचा असताना एका मासिकात 'तांबड्या ताऱ्याचा पाहुणा' ही गोष्ट क्रमशः येत असे. केशव नावाचा खेड्यातला घड्याळजी यंत्र बनवतो आणि मंगळावर जातो. अकरा भाग आले. अकराव्याच्या शेवटी केशव परत निघायचे ठरवून यंत्राच्या दारात उभा होता. एक पाय आत, एक पाय तांबड्या मातीवर. खाली छापले होते : पुढे चालू. आणि मग ते मासिकच बंद पडले! मी लेखकाला तीन पत्रे टाकली. उत्तर नाही. तेव्हापासून तो केशव माझ्या दारात उभा आहे. माझे सातही नायक गोष्टीच्या शेवटी कुठल्या ना कुठल्या दारात उभे राहतात. टीकाकार त्याला माझी खास शैली म्हणतात. मी गप्प बसतो.

यंदा एका संपादकांनी ते अकरा भाग पुस्तकरूपाने काढायचे मनावर घेतले. बारावा भाग मी लिहायचा, मूळ लेखकाची संमती मीच आणायची. बारावा भाग मी तीन दिवसांत लिहिला. त्यात केशव मंगळावरच भव्य मरण पावतो. लिहिताना मी रडलो. घंगाळातले पाणी वाढले असेल. ती पाने पिशवीत होती. पण खरे सांगायचे तर मला संमतीपेक्षा दुसरेच काही हवे होते. त्या माणसाच्याच तोंडून ऐकायचे होते, की पुढे काय झाले.

भोर

जुन्या अंकात पत्ता होता : गोविंदमास्तर, वेल्हे, संस्थान भोर. वेल्हे ही भोरमधली एखादी आळी असावी, असा मी पक्का निष्कर्ष काढला. ग्रहांची अंतरे मैलांत पाठ असलेल्या माणसाने नकाशा कशाला बघायचा?

भोरला उतरलो तेव्हा ऊन कलले होते. नीरेच्या काठी बाया भांडी घासत होत्या. पहिल्याच तंबाखूच्या दुकानात विचारले, "वेल्हे आळी कुठे?"

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "वेल्हं? ते तर तुमी मागं सोडून आला. नसरापुरास्नं आत वळायचं हुतं. डोंगर हायती मधी."

"मग आता?"

"आता रामाच्या देवळात पडा. काय करता तुमी?"

"लेखक आहे."

त्याचा चेहरा उजळला. असा चेहरा मी पुण्यात कधी पाहिलेला नाही. तो आत गेला, पाट आणला, दौत आणली. "बसा. शेजाऱ्याची मोरी माझ्या दारात येतीया. मामलेदाराला अर्ज लिवायचाय."

लिहिला! मोरीच्या पाण्याचे वर्णन करताना हात असा काही सुटला की, तो अर्ज ऐकायला चार माणसे थांबली. दुकानदार म्हणाला, "झकास. पर ह्यात माझं नाव कुठं आलं न्हाई." सकाळी त्याने पोहे आणि ताक दिले. माझ्या लेखनाचे एवढे ताबडतोब चीज त्याआधी झाले नव्हते.

नसरापूर ते मार्गासनी

आल्या वाटेने नसरापूरला परत. तिथे कोंडिबा भेटला. मार्गासनीचा शेतकरी, पन्नाशीचा. कामथडीला लेकीकडे जाऊन रिकामी गाडी घेऊन घरी निघाला होता. "बसा पावणं," म्हणाला. बैलगाडी मला बाधत नाही, हा शोध त्या दिवशी लागला. उजवीकडे-डावीकडे भात कापून मोकळी झालेली खाचरे, मधून गुंजवणीचे पाणी आणि समोर डोंगरांच्या रांगेवर रांगा, मागची प्रत्येक पुढचीपेक्षा फिकी.

मी भीतभीत विचारले, "वेल्ह्याचे गोविंदमास्तर ठाऊक आहेत का? आहेत ना अजून?"

"हायती की. आता मंगळावर असतील."

मी गाडीची दांडी धरली. "कुठे?"

"मंगळावर. रोज सकाळी जात्यात."

"रोज?"

"व्हय. जेवायच्या वक्ताला खाली येत्यात. धनगरांची शेरडंबी तिथंच असत्यात. गेल्या साली माझी कालवड चुकली, ती मंगळावरच घावली." एवढे बोलून कोंडिबाने बैलाची शेपटी पिरगाळली.

सात माणसे ग्रहांवर पाठवताना मला जेवढे कष्ट पडले, ते आठवून मी पिशवीतली पाने आणखी खाली दडपली.

मुक्काम कोंडिबाकडेच झाला. त्याच्या घरधनिणीने हुलग्याचे माडगे, नाचणीची भाकरी आणि आंबेमोहोर भात केला होता. भाताचा वास उंबऱ्यातच भेटला. आमच्याकडे पाहुण्याने ताट स्वच्छ करणे ही सभ्यता. तिथे रिकामे ताट म्हणजे भूक उरल्याची खूण. मी सभ्यपणे ताट पुसले, तिने वाढले. मी पुन्हा पुसले, तिने पुन्हा वाढले. चौथ्या वेळी माझे डोळे बघून कोंडिबा म्हणाला, "पावणं, घासभर ठिवा की ताटात, न्हाईतर ही थांबायची न्हाई."

मंगळ

दुसऱ्या दिवशी कोंडिबा वेल्ह्याच्या पुढे डोंगराच्या खांद्यावरच्या धनगरवाड्यापर्यंत माझ्याबरोबर आला. माघातले वाळके गवत तेल लावल्यासारखे निसरडे असते, हे ज्ञानकोशाच्या त्या खंडात नाही. मी दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा धोतराने साथ सोडली. कोंडिबाने आपला पंचा दिला, तो मी मागून गुंडाळला. ज्या लेखकाला भेटायची सतरा वर्षे वाट पाहिली, त्याच्यासमोर मी असा उभा राहिलो.

वाड्यापासून थोडे वर गेले की एकदम मोकळा माळ लागतो. झाड नाही, गवतही विरळ. नुसती तांबडी माती आणि तांबडे धोंडे. समोर तोरणा, पलीकडे राजगड, आणि माळाच्या कडेला दगडावर मांडीवर पाटी घेऊन बसलेले एक सडपातळ वृद्ध गृहस्थ. अंगात कोट, पायात वहाणा, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा.

मी नाव सांगितले. ते म्हणाले, "तुमची तीन पत्रं आली होती. अक्षर फार वाईट होतं."

"उत्तर का नाही दिलंत?"

"उत्तर नव्हतं. बसा. मंगळावर खुर्ची नाही."

गोविंदमास्तर वेल्ह्याच्या शाळेत आयुष्यभर शिकवून आता निवृत्त झालेले. गोष्ट लिहायला घेतली तेव्हा त्यांनी धनगरांना विचारले होते, कुठे तांबडी उघडी जमीन आहे का? त्यांनी हा माळ दाखवला. मास्तर म्हणाले, हाच आपला मंगळ. नाव चिकटले. आता जंगलखात्याचा रखवालदारसुद्धा मंगळावरून लाकूड नेऊ नका, असे दटावतो.

"मी बघितल्याशिवाय लिहीत नाही," मास्तर म्हणाले. "आणि कागदावर आधी लिहीत नाही. सकाळी इथे येऊन पाटीवर उतरवतो. मग हौसाबाईंना वाचून दाखवतो. त्या शेरडं राखतात. त्यांना पटलं तर खाली जाऊन कागदावर. नाही पटलं तर..." त्यांनी ओल्या फडक्याने पाटी पुसल्यासारखे केले. "पाचव्या भागात केशव मंगळावर पाणी न पिता नऊ दिवस राहिला होता. हौसाबाई म्हणाल्या, शेरडूबी राहत न्हाई. सगळा भाग पुसला. तुम्ही वाचलात तो दुसरा."

मी घंगाळाची गोष्ट काढली नाही.

तेवढ्यात त्या आल्याच. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई; डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी, मागे पंधरावीस शेरडे. माझ्या पंच्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो कोण? ढुंगनावर पडल्याला दिसतोय."

"पुण्याचे आहेत," मास्तर म्हणाले. "हेही गोष्टी लिहितात. आपल्या केशवासाठीच आलेत." आणि एक करडू धोंड्याखाली अडकून ओरडू लागले, तसे मास्तर उठून तिकडे गेले.

"केसूसाठी?" हौसाबाई लगेच माझ्यासमोर टेकल्या. "तुला काय कळलंय व्हय त्याचं? सांग की."

इथे शहाण्या माणसाने मास्तरांची वाट पाहिली असती. पण माझी पाने पिशवीत होती आणि समोर श्रोता होता. लेखकाला एवढे पुरते. मी पाने काढली, घसा साफ केला आणि वाचू लागलो. केशवाचे यंत्र उडता उडता मोडते, तो तांबड्या धुळीत कोसळतो, "आकाशातले दोन चंद्र त्या एकाकी मृत्यूचे मूक साक्षी होते." हे वाक्य मी दोनदा वाचले.

मान वर केली. हौसाबाईंची काठी हातातून सुटून आडवी पडली होती. मास्तर करडू काखेत घेऊन दहा पावलांवर उभे होते, आणि त्यांचा चेहरा पाहून मला कळले की, मी काहीतरी केले आहे. काय, ते कळले नाही.

हौसाबाई म्हणाल्या, "तिथं कोन हुतं?"

"कोणी नव्हतं. एकटाच होता, म्हणून तर..."

"कोन न्हवतं, तर त्यो मेला ह्ये तुला सांगितलं कुनी?"

मी पानावरच्या दोन चंद्रांच्या ओळीवर बोट ठेवले.

"चांद बोलत्यात व्हय? पुण्यात?"

"नाही."

"मग खोटं हाय. बघितलं न्हाई, ऐकलं न्हाई, आन् मानूस मारून बसला. शिकल्याला दिसतोस की रं." त्या उठल्या. काठी उचलायला त्यांना दोनदा वाकावे लागले. मग शेरडांना हाक घालत माळाच्या पलीकडच्या कडेला गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या.

मास्तरांनी करडू खाली सोडले. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरे झाले असते.

"हौसाबाईंना एकच मुलगा, रामा," ते म्हणाले. "जर्मनच्या लढाईत पलटणीत भरती होऊन समुद्रापार बसऱ्याकडे गेला. माझा बारावा भाग पाटीवर तयार होता, केशव घरी पोचतो तो. त्याच दिवशी सरकारी कागद आला. गावातले सगळे कागद मीच वाचतो. त्यात शब्द होता, बेपत्ता. हौसाबाईंनी विचारलं, म्हंजे काय? मला सांगवेना. मग त्यांनीच विचारलं, बे-पत्ता म्हंजे पत्ता न्हाई व्हय त्याला? पत्ता न्हाई म्हून पत्तर येत न्हाई?"

"मग?"

"मी म्हणालो, होय." मास्तरांनी चष्मा काढून कोटाला पुसला. "ग्रहांवरच्या एवढ्या गोष्टी रचल्या, पण सगळ्यांत मोठी अद्भुत कथा ती, दोन अक्षरांची. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, केसूला आणलं का? आता त्याला कसा आणू? केशव आला तर रामा का नाही आला? आणि केशव नाही आला तर? मी म्हणालो, निघालाय. वाटेत आहे. तेव्हापासून त्या रोज विचारतात, कुठवर आला? मी रोज सांगतो."

"रोज? सतरा वर्षं?"

"आजारी नसलो तर."

सतरा वर्षांचा बारावा भाग! ज्याच्यासाठी मी झुरलो, तो संपलाच नव्हता. इथे या माळावर रोज चालू होता. "त्याची नक्कल असेल ना? वह्या?"

"पाटीवर लिहितो, वाचतो, पुसतो."

"पण मास्तर, का?"

"आज तो जिथे आहे तिथे उद्या नसतो," ते म्हणाले. "कालचं ठेवून काय करायचं?"

मी त्या पाटीकडे बघत राहिलो. काळ्या दगडावर खडूची नुसती पांढरी धूळ. माझ्या लहानपणीचे सगळे 'पुढे' तिथे होते, आणि एक अक्षर लागत नव्हते.

"हौसाबाईंना खरं ठाऊक नसेल का?" मी विचारले.

"मी विचारलेलं नाही," मास्तर म्हणाले. "तुम्हीही विचारू नका."

परतीचा दिवस

रात्री मास्तरांकडे राहिलो. सकाळी माझी इच्छा होती की, हौसाबाईंच्या नजरेला न पडता गाव सोडावे. पण मास्तरांनी पाटी काखेला मारली आणि मला बरोबर घेऊन मंगळाची चढण धरली. आम्ही पोचलो तेव्हा त्या आधीच येऊन बसल्या होत्या.

मास्तरांनी पाटी मांडीवर घेतली. हौसाबाईंनी हात आडवा केला. "तुमी न्हाई. ह्यो सांगंल. ह्यानं वाट चुकवली, ह्योच लावंल वाटंला." आणि माझ्याकडे वळून, "हं. कुठवर आलाय?"

मास्तर माझ्याकडे बघेनात. परीक्षेला बसलेल्या मुलाकडे शिक्षक बघत नाही, तसे.

मी सुरुवात केली, "यंत्राचा वेग ताशी..."

"यंत्राचं ऱ्हाऊ दे. जेवला का?"

माझ्या सात माणसांपैकी एकालाही मी आजवर जेवायला घातलेले नाही. कोणाला भूक लागलेलीच मला आठवेना. "जेवला," मी म्हणालो.

"काय?"

"भाकरी. नाचणीची. पुढे गारठा फार आहे, म्हणून एका ठिकाणी थांबलाय. तिथे मिळाली."

"दिली कुनी?"

मला खरोखर माहीत नव्हते. समोरच्या डोंगरांवर ऊन येत होते. शेरडांच्या दातांखाली काटक्या मोडल्याचा आवाज येत होता. "तिथे एक बाई आहेत," मी म्हणालो. "एकट्याच असतात. त्यांनी दिली."

"वळखीची हाय?"

"नाही. त्यांचाही मुलगा लांब गेलाय. म्हणून वाटेने जाणाऱ्या कोणालाही त्या उपाशी जाऊ देत नाहीत. म्हणतात, माझ्यालाबी कुठंतरी कुनीतरी घालत असंल."

हौसाबाईंनी पदराने तोंड पुसले, मग कपाळ पुसले, मग हातातली काठीही पुसली. मास्तरांचा खडू पाटीवर सरकत होता. ते माझे शब्द उतरवून घेत होते.

"ताक दिलं का त्याला?" हौसाबाईंनी विचारले. आवाज नेहमीचा होता.

"दिलं."

"कोरडी भाकर घशाखाली उतरत न्हाई त्याच्या. लहानपनापासनं."

केशवाच्या लहानपणाबद्दल अकरा भागांत एक ओळ नाही. मी म्हणालो, "हो. म्हणूनच दिलं."

"बरी हाय बाई," हौसाबाई म्हणाल्या. "आसू दे." मग कंबरेला बांधलेले फडके सोडून त्यांनी अर्धी भाकरी मोडली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि माझ्या हातात दिली. "तुलाबी लांब जायाचंय न्हवं? खा वाटंत. आन् पडू नगंस परत."

मास्तरांनी पाटी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली. मास्तरांनी ओले फडके घेतले आणि पुसले. माझ्या लेखनाला कोणी हात लावला तर मी आठ दिवस जेवत नाही. त्या दिवशी मी भाकरी खात खाली उतरलो.

संपादकांना सांगितले, संमती मिळाली नाही. ते माझ्यावर रुष्ट आहेत. बाराव्या भागाची पाने बायकोने बंबात घातली. पेटायला बरी होती म्हणाली. मास्तरांना आता रोज नवे सुचायला त्रास होतो, म्हणून दर आठवड्याला मी एक कार्ड टाकतो. त्यावर केशव त्या आठवड्यात कुठे आहे, काय जेवला, अंगावर पांघरूण आहे की नाही, एवढेच असते. अक्षर सुधारले आहे. ग्रहांवरच्या माझ्या इतर कथा तूर्त पडून आहेत.

वेल्ह्याकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन सूचना. धोतर जाड घ्या, आणि ताटात घासभर ठेवा. वर तांबड्या माळावर एखादी म्हातारी शेरडे राखताना भेटली आणि तुम्ही पुण्याचे म्हणून तिने केशवाची चौकशी केली, तर गांगरू नका. तो सध्या चंद्राच्या बराच पलीकडे आहे. बरा आहे, वेळेवर जेवतो. हवे तर त्याला सोबत द्या, चादर द्या, एखादा दिवस मुक्काम वाढवा. फक्त याहून जवळ आणू नका. हौसाबाई अजून चढण न थांबता चढतात, आणि केशवाचे उरलेले अंतर आम्हाला त्यांच्यासाठी पुरवून वापरायचे आहे.